साहेबाच्या पाटावरचा खरवस

कोकिळा म्हशीला कुटार टाकायला गोठ्याकडं गेली आणि कुटाराची पाटी तिच्या हातातच राहिली.

गोठ्यामागच्या चिंचेखाली एक अनोळखी तरुण बसला होता. समोर सागवानाची जाड फळी, हातात वीतभर लांब सुरी... आणि तो भाजलेल्या मटणाचे काप काढत होता. काप कसले — पिंपळाची कोवळी पानंच! त्यानं एक काप सुरीच्या टोकावर उचलून उन्हासमोर धरला, तर पलीकडचं ऊन त्यातून दिसत होतं.

"काय पाहून राह्यल्या?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"मटन पाहून राह्यली." बोलून गेल्यावर कोकिळेला स्वतःचीच लाज वाटली.

"तरी बरं... मले वाटलं, मलेच पाहून राह्यल्या."

पाटी तिथंच टाकून कोकिळा घरात पळाली. पण पळताना एकदा मागं वळून पाहिलंच. तो हसत होता.

हा इंद्रभान. गाव वडनेर भोलजी. नागपुरात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर चार वर्षं राहून तो एक विद्या शिकून आला होता. लाकडी फळीवर थंड मटणाचे काप, विलायती चीज, फळं, बिस्किटं अशी काही मांडायची, की पाहुण्यांनी भोवती उभं राहून आपल्या हातानं उचलून खावं. मेहकरच्या एका देशमुखांनी ही फळी घरी आलेल्या साहेबापुढं ठेवली, साहेब खूश झाला, आणि वऱ्हाडात एकच लाट आली. ज्याच्या घरी अंमलदार येणार, त्याला ‘साहेबाचा पाट’ हवाच! इंद्रभानला न्यायला गावोगावच्या बैलांच्या दमण्या येऊ लागल्या.

आता साखरखेर्ड्याच्या पंजाबराव पाटलांची, म्हणजे कोकिळेच्या बाबांची, पाळी होती. उद्या दुपारी डिप्टी साहेब त्यांचे खिल्लारी बैल पाहायला येणार होते. चीज खास मुंबईहून मागवलंय, हे पाटलांनी पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं.

"ज्या पाटावर बसाचं, त्याच्यावरच जेवन मांडाचं? कलियुग आलं बाई!" रुखमाबाई म्हणाल्या. या पाटलांच्या विधवा बहीण, कोकिळेच्या आत्या. मटणाचा वास घरात नको म्हणून त्यांनीच इंद्रभानची चूल गोठ्यामागं मांडायला लावली होती.

दुपारी कोकिळा पाण्याची कळशी घेऊन पुन्हा चिंचेखाली गेली. पाणी कोणी मागितलं नव्हतं हो, पण तहान काय सांगून लागते?

"या पेटीत काय हाय?" तिनं त्याच्याजवळच्या लाकडी पेटीकडं बोट करून विचारलं.

"उद्या पाहा."

"अन् आताच पाह्यलं तं?"

"मंग उद्या माह्याकडं कायले याल?"

कोकिळेनं कळशी खाली ठेवली, पण ती गेली नाही.

तो विहिरीवर हातपाय धुवायला गेला आणि तिच्यानं राहवलं नाही. पेटीचं झाकण उचललं, वरचं गवत बाजूला केलं... आणि आत नारळाएवढा एक गोल, लालबुंद, गुळगुळीत गोळा! हेच का ते मुंबईचं चीज? जगात असंही काही असतं? उजेडात नीट पाहावा म्हणून ती तो ओसरीवर घेऊन गेली, तोच बैठकीतून बाबांचा आवाज आला. घाबरून तिनं गोळा ओसरीच्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या कोनाड्यात ठेवला. मग ओसरीवर बाबांची मंडळी येऊन बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही, आणि पुढं स्वयंपाकाच्या धांदलीत गोळा कोकिळेच्या ध्यानातून पार गेला.

सकाळी रुखमाबाईंच्या हाकेनं घर जागं झालं.

"देव आला वो, देव! आपल्या कोनाड्यात देव आला!"

कोकिळा धावत ओसरीवर आली आणि दारातच थबकली. कोनाड्यात तो लाल गोळा होता. त्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल, पुढं उदबत्ती. चीजवरचं लाल मेण आत्याला शेंदूर वाटलं होतं! शेजारच्या सोजराबाई नारळ फोडून मोकळ्या झाल्या होत्या आणि दारात बायांची रांग लागली होती. पाटील तेवढे पहाटेच खिल्लारी बैल आणायला मळ्यावर गेले होते.

कोकिळा तशीच गोठ्यामागं गेली. इंद्रभान रिकाम्या पेटीपुढं डोक्याला हात लावून बसला होता.

"मीच काढला तो," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं. "पाहासाठी काढला... अन् आता त्याचा देव झाला."

तो ओरडेल असं तिला वाटलं. तो उठला, ओसरीसमोर जाऊन त्यानं बायांच्या डोक्यांवरून कोनाड्यात पाहिलं. आणि दोन्ही हात जोडले.

"आता तो कापता येत नाही," परत येऊन तो हळूच म्हणाला.

"काऊन? चीजच तं हाय."

"तुमच्या आत्या डोयात पानी आनून पाया पडल्या त्याच्या. त्याले सुरी लावाचा माहा हात होत नाही."

कोकिळा त्याच्याकडं पाहतच राहिली. याचं नाव बुडायला आलंय, आणि याला आत्याच्या डोळ्यांतलं पाणी दिसतंय! असा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"चीज म्हंजे दुधाचंच ना?" तिनं डोळे पुसले. "परवा आमची म्हैस व्याली. चीक हाय घरात."

"खरवस?" इंद्रभान चमकला. "पन चीजच्या जागी साहेबाले गोड नाही चालत..."

"गूळ घालतच नाही. मीठ, मिरे अन् जिरे घालते. तुमी फकस्त सुरी पाजवून ठेवा."

मग सूर्य डोक्यावर येईपर्यंत दोघांनी मान वर केली नाही. तिनं चीक उकडला, डबा गार पाण्यात ठेवला, निवाला तशी पहिली वडी कापून त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं डोळे मिटून खाल्ली.

"बिघडला का?"

"नाही," तो म्हणाला. "चार वर्षं साहेबाच्या घरचं खाल्लं मी... पन असं नाही."

आणि मग त्यानं पाट मांडला. मटणाचे काप फुलाच्या पाकळ्यांसारखे, मधोमध खरवसाच्या पांढऱ्याशुभ्र वड्या, कडेनं संत्र्याच्या फोडी, पेरू, बोरं, कडक भाकरीचे तुकडे, लसणाचा ठेचा. कोकिळेनं ओठांवर हात ठेवला. जन्मभर खाल्लेल्याच गोष्टी होत्या या... मग आज पहिल्यांदा पाहिल्यासारख्या का वाटत होत्या?

साहेब आले, बैल पाहिले, बैठकीत पाटाभोवती उभे राहिले. मंडळींचे हात पाटाकडं वळले. पंजाबरावांची नजर मात्र काही तरी शोधत होती. ते इंद्रभानला माजघराच्या दारावरच्या पडद्याजवळ ओढून दबक्या आवाजात म्हणाले, "लाल गोळा कुठं हाय बे?"

पडद्यामागून पाहणाऱ्या कोकिळेनं ते ऐकलं.

"पेटी उघडी राह्यली, मालक. चूक माही हाय."

"सगळ्या गावात सांगून बसलो मी! आता कोन्या पाटलाच्या दारात उभा राह्यतो तू, तेच पाह्यतो!"

इंद्रभान खाली मान घालून उभा राहिला. एकदा पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

त्या घरातली बाई बैठकीत परक्या मंडळींसमोर कधी आली नव्हती. कोकिळेनं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि पडदा सारला.

"बाबा, त्यायची चूक नाही. पेटी मी उघडली." "अन् ते पांढरं हाय ना, ते मी केलं."

साहेबांच्या हातात खरवसाची तिसरी वडी होती. त्यांनी तिच्याकडं बोट करून इंद्रभानला विचारलं, "ये किसने बनाया?"

"इन्होंने, साहब."

साहेबांनी वडी खाली ठेवली, आणि एवढ्या मोठ्या अंमलदारानं साखरखेर्ड्याच्या मुलीपुढं मान लववली.

साहेबांची मोटार धूळ उडवत गेली. अंगणात पंजाबराव, कोकिळा आणि दमणीत पेटी चढवणारा इंद्रभान, एवढेच उरले. ओसरीवर रुखमाबाई नव्या देवाला नैवेद्य दाखवत होत्या, आणि त्यांना खरं सांगायचं धाडस अजून कोणीच केलं नव्हतं.

"कोकिळे," पाटील म्हणाले. आवाजात राग शोधूनही सापडत नव्हता. "एका परक्या पोरासाठी तू पडद्याबाहेर आली?"

कोकिळेनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली... आणि मग सरळ बाबांच्या डोळ्यांत पाहिलं.

"परका नाही वाटला, बाबा."

दमणीजवळ पेटी धपकन खाली पडल्याचा आवाज झाला. पंजाबरावांनी लेकीकडं पाहिलं. मग वळले, दमणीपर्यंत चालत गेले आणि इंद्रभानला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून म्हणाले,

"तुह्या बापाचं नाव काय रे?"

"रंगराव," तो म्हणाला. पेटी तशीच टाकून त्यानं हात जोडले. "ते... ते घरीच असतात, मालक. कधीबी या."