तारांची चार चाके

ही हकीकत खरी आहे. ज्याच्या घरी ती घडली, तो भार्गव आजही देवावर हात ठेवून सांगायला सिद्ध आहे. कोणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. वाचून हसू नये, एवढीच विनंती.

स्थळ रायपूर, बुढापारा. छत्तीसगड राज्य होऊन चार वर्षे पुरी होत आली होती. नवरात्रातील अष्टमी. दुपारचे चार वाजलेले, अंगणात लख्ख ऊन.

भुताखेतांची म्हणून जी वेळ सांगतात, ती ही नव्हे.

भार्गव नव्या राजधानीच्या सचिवालयात लघुलेखक होता आणि विधवा काकू मंदाकिनीबाई यांच्याजवळ राहत असे. काका चारुदत्त यांना जाऊन आठ वर्षे झाली होती. मागच्या पडवीत त्यांची मोटार उभी होती. विलायती, उघड्या टपाची, दोनच आसनांची, जुन्या काळी शर्यतीत पळे अशी. आता पुढचा भाग चेपलेला, पत्रा गंजलेला.

शाबूत होती ती केवळ चाके.

ती चारुदत्तांनी हौसेने मुद्दाम घडवून घेतली होती. सायकलीच्या चाकासारखी तारांची, परंतु जाडजूड, चांदीसारखी चकाकणारी. एकेका चाकात बहात्तर तारा. प्रत्येक तार पुरेशी ताणलेली आहे की नाही, हे ते कानाने पारखीत. देवघरातील पळी घेऊन तारेवर हलकेच आघात करीत.

टिंग... टिंग... टिंग...

ढिली तार तत्काळ ओळखू येई. तिचा सूर उतरलेला असे.

आठ वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या माना रस्त्यावर, एका जुन्या अर्जुनवृक्षावर ती मोटार आदळली. वाटेत एका सायकलस्वाराचा बळी गेला. चारुदत्तही तेथेच गेले. सोबत त्यांचे बालमित्र श्यामराव होते. त्यांना खरचटलेही नाही. पोलिसांपुढे त्यांनी एकच वाक्य सांगितले.

"गाडी चारुदत्त चला रहा था।"

मृताने उत्तर कोठून द्यावे? पंचनाम्यात तेच उतरले. त्या सायकलस्वाराची म्हातारी आई दाराशी येऊन थुंकून गेली. मंदाकिनीबाईंनी ते मुकाट्याने पुसले.

मात्र त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. चारुदत्त सहा फूट उंच, श्यामराव बुटके. आणि चालकाचे आसन वीतभर पुढे ओढलेले होते. त्या जागेत चारुदत्तांचे गुडघे मावलेच नसते. बाईंनी हे पोलिसांना सांगितले. उत्तर मिळाले, धक्क्याने सरकले असेल.

तेव्हापासून ते आसन कोणी हलवले नव्हते. बाई हलवू देत नसत.

त्या वर्षी शहरातील हौशी मंडळींनी राज्याच्या वाढदिवशी जुन्या मोटारींची मिरवणूक काढण्याचे योजले. अशा चाकांना एकाएकी गिऱ्हाईक आले. भार्गवने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. सप्तमीला त्याने एकट्याने चारही चाके उतरवली, एकेक उचलून ओसरीवर आणली.

काही जड नव्हती.

अष्टमीला समता कॉलोनीतला अभिनव आला. कोवळा दंतवैद्य, उत्साही. भार्गवने त्याला प्रामाणिकपणे बजावले, "टायर आठ वर्षं उभे आहेत. खाचा दिसतात चांगल्या, पण रबर आतून वाळून गेलं. नवे टायर चढवल्याशिवाय गाडी पळवू नका."

"हाँ हाँ भैया, वो तो बदल दूँगा," अभिनव म्हणाला.

चाके न्यायला त्याने सोबत आणलेला ठेलेवाला भैय्यालाल एक चाक उचलायला वाकला. त्याने जोर लावला...

चाक हलले नाही.

अभिनवने हात लावला. भार्गवनेही लावला. तिघांच्या कपाळांवर घाम आला.

"दू क्विंटल के बोरा उठाथंव महाराज," भैय्यालाल हात झटकत म्हणाला, "ये चक्का नइ उठत हे. मोर ले नइ होवय." आपल्याच्याने हे होणे नाही, अशी मान हलवीत रिकामा ठेला घेऊन तो जवळजवळ पळालाच.

अभिनव ओशाळून हसला आणि गेला, तो परत आला नाही.

ओसरीवर भार्गव एकटा उरला. आणि मग...

टिंग.

एकच तार. पळी देवघरात होती. भार्गवने जाऊन पाहिली. ती ताम्हनात पालथी पडली होती, आणि किंचित हलत होती.

दसऱ्याच्या सकाळी फाटक वाजले. आठ वर्षांत ज्यांनी या घराची पायरी चढली नव्हती, ते श्यामराव उभे होते. त्यांनी तशीच दुसरी मोटार नागपूरहून आणली होती.

"वहिनी, सोनं घ्या," आपट्याची पाने पुढे करीत ते म्हणाले. "काय करू, अशी चाकं अख्ख्या रायपुरात दुसरी नाहीत. जाहिरात पाहिली अन् मले राहवलंच नाही."

मंदाकिनीबाईंनी पाने घेतली नाहीत.

"चारू असता तर त्यानंच दिली असती मले," श्यामराव पुन्हा म्हणाले.

"हव," बाई शांतपणे उत्तरल्या. "त्यायलेच विचारून घ्या."

श्यामराव हसले. ते हसू तोंडावरून उतरण्याआधीच भिंतीला टेकलेले एक चाक सुटले. कोणी स्पर्श केला नव्हता. ओसरीची फरशी सपाट होती.

चाक सावकाश घरंगळत आले... आणि श्यामरावांच्या पायांशी येऊन उभे राहिले.

पडले नाही. उभे राहिले.

"पहा, ओळखलं मले!" श्यामराव म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, परंतु लोभ भीतीहून बलवान असतो. त्यांनी वाकून चाक उचलले. साठीचा तो बुटका गृहस्थ फुलाची परडी उचलावी तसे ते घेऊन चालू लागला. मग दुसरे. तिसरे. चौथे.

भार्गव दाराशी उभा होता. टायरविषयीचे ते वाक्य त्याच्या जिभेवर आले होते.

त्याने ते गिळले.

गाडी गेल्यावर काकूंनी विचारले, "टायरचं सांगितलंस त्यायले?"

"नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि देवघरात गेल्या.

पुढचे नऊ दिवस भार्गवला अन्न गोड लागले नाही. दोनदा त्याने श्यामरावांना फोन करण्यासाठी रिसीव्हर उचलला. दोन्ही वेळा पलीकडून नेहमीचा गुंजारव आला नाही.

आली ती तार. टिंग... टिंग...

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला. रुग्णालयातून एक फौजदार बोलत होते. "ये चारुदत्त कौन हैं? आपके कोई रिश्तेदार?"

भार्गव पोहोचला तेव्हा श्यामराव खाटेवर होते. दोन्ही गुडघ्यांचा चुरा झाला होता. चाकांची परीक्षा घेण्यासाठी ते पहाटे एकटेच निघाले होते. घरच्यांनी त्यांना एकटेच जाताना पाहिले होते. माना रस्ता. तोच अर्जुनवृक्ष.

भार्गवने विचारले, "टायर फुटला का?"

"नहीं जी. चारों में हवा पूरी है. एक तार तक नहीं टूटी।" फौजदार थबकले. "अजीब बात दूसरी है. ये बाजू वाली सीट पर फँसे मिले. और ड्राइवर की सीट... एकदम पीछे सरकी हुई. किसी लंबे आदमी के हिसाब से।"

श्यामरावांनी डोळे उघडले. भार्गवला पाहताच त्यांनी त्याचे मनगट घट्ट धरले.

"तू तरी सांग ना यायले! चारूच चालवून राहिला होता... मी हात जोडले रे त्याच्यापुढं. तो ऐकेच ना. एकच इचारे, सीट कोणं सरकवली, श्याम? सीट कोणं सरकवली?"

मग फौजदारांकडे वळून ते किंचाळले. तेच वाक्य. आठ वर्षांपूर्वीचे, अक्षरशः तेच.

"गाडी चारुदत्त चला रहा था!"

या खेपेस ते खरे बोलत होते... आणि या खेपेस कोणीही लिहून घेतले नाही.

भार्गवने घरी येऊन सर्व सांगितले. मंदाकिनीबाई ऐकून उठल्या. पडवीत जाऊन त्यांनी चालकाच्या आसनावर तळहात ठेवला. आठ वर्षे गंजलेले ते आसन, तेल लावल्यासारखे, आवाज न करता वीतभर मागे सरकले.

"आता ऐसपैस बसा," त्या म्हणाल्या. एवढेच.

श्यामराव जगले. आजही चाकाच्या खुर्चीत बसून असतात, आणि येईल त्याला ते एकच वाक्य ऐकवतात.

लोक भार्गवला म्हणतात, टायर तर शाबूत होते, तुझ्या मौनाचा दोष कसला? काकांना निमित्त हवे होते ते चाकांचे, की आपल्या गिळलेल्या त्या एका वाक्याचे, हे त्याला आजवर उमगलेले नाही.

चाके परत आली नाहीत. ओसरी रिकामी आहे.

तरीही दर दसऱ्याला, भर सकाळी, तो दाराशी एकटा उभा असला म्हणजे, पाठीमागून ऐकू येते...

टिंग.

आणि गेली दोन वर्षे त्या तारेचा सूर उतरलेला वाटतो. जणू कोणीतरी अजून तपासत आहे, की एखादी ढिली राहिली तर नाही.