चुकीच्या घरची पेटी

"पंक्चरवाल्या काकांच्या तोंडात काडी फिरवून दाखव. पण ते जागे नाही झाले पाहिजेत. जमलं तर मानलं तुला!"

शेजारच्या चिमट्यानं पैज लावली आणि भिंगरीनं लगेच 'हो' म्हटलं. अक्कल गहाण टाकायला तिला कधीच वेळ लागायचा नाही.

काडी काही साधीसुधी नव्हती. आजोबांचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, पंचेचाळीस वर्षांपूर्वी लढाईवर गेला तो परतलाच नाही. आता हरवलेल्या सैनिकांची हाडं शोधून ओळखणारी एक कचेरी होती, तिनं नातेवाइकांची थुंकी मागवली होती. पाकिटात कापूस गुंडाळलेल्या दोन काड्या. एक गालात फिरवून द्यायची, दुसरी जास्तीची. आजोबांनी आपली काडी पाकिटात घातली आणि पाकीट नातीच्या, भिंगरीच्या हातात दिलं. "नीट टाकून ये गं पोस्टात. दादाचं काम आहे."

भरदुपारी काका दुकानात आ वासून घोरत होते. भिंगरीनं जास्तीची काडी अलगद त्यांच्या गालात फिरवली. काका 'अंऽ' करून हलले, ही दचकली, पाकीट उलटं झालं आणि आजोबांची काडी डुबुक्कन ट्यूब तपासायच्या काळ्या पाण्यात! चिमटा पोट धरधरून हसला. भिंगरीला मात्र घरचा मार दिसत होता. हातात उरलेली काडी तिनं पाकिटात सरकवली आणि टाकली पोस्टात. थुंकी ती थुंकी, कोणाला कळतंय?

आठ महिन्यांनी हाडांची पेटी आली.

सोबत कचेरीचे साहेब. "एकशे बारा नंबर. वीस वर्षं आमच्या फळीवर होते. दातांची नोंद नव्हती, सगळी भिस्त थुंकीवर. तुमची जुळली, आजोबा."

आजोबांनी पेटीवर हात ठेवला. "आलास रे... किती उशीर केलास."

भिंगरीला पोस्टात टाकलेली ती काडी आठवली.

"उद्या दहाला येतो," साहेब म्हणाले. "सही केलीत की दादांची फाईल बंद."

"बंद म्हणजे?" भिंगरीनं विचारलं.

"सापडले ना बाळा. आता कशाला शोधायचं?"

साहेब गेले. आजोबा पेटीशेजारीच खुर्चीत डुलक्या घ्यायला लागले. घरात दुसरं चिटपाखरू नाही. बाहेर लख्ख ऊन, आणि आत उगाचच गारवा.

ठक.

घराच्या पुढच्या खोलीचा उंबरा वीतभर उंच. नवखा माणूस तिथं हमखास ठेचकाळायचा, आणि हा आवाज थेट तसाच. मग भिंतीवरून काहीतरी सरपटलं... कोणीतरी दिव्याचं बटण चाचपडत होतं, पण चुकीच्या बाजूला. ओल्या मातीचा वास आला. त्यात मिसळलेला आणखी एक वास, पंक्चरच्या सोल्यूशनचा.

न्हाणीघरात बुड... बुडबुड...

भिंगरी दबक्या पावलांनी गेली. बादली काठोकाठ भरलेली. पाण्यातून बुडबुड्यांची एक ओळ गोलगोल फिरत होती. पाण्यात ट्यूब धरून भोक शोधावं तशी, सावकाश. एका जागी ती थांबली. तिथूनच बुडबुडे येत राहिले, येत राहिले... आणि बादलीत होतं नुसतं पाणी.

भिंगरी धूम पळाली ती थेट दुकानात.

"काका... तुमचं कोणी हरवलंय का? लढाईत?"

काकांच्या हातातला पाना थांबला. "थोरला भाऊ. हे दुकान त्याचंच. तुला कोण बोललं?"

"मग थुंकी का नाही दिलीत?"

"दिली असती तर सापडला असता." काकांनी तोंड फिरवलं. "हरवलाय तोवर येईल तरी म्हणता येतं, पोरी."

तोंडात आलेलं तिनं गिळलं. एवढंच म्हणाली, "उद्या दहाला घरी या. याच हं."

घरी आली तेव्हा ठेचकाळणं थांबलं होतं. पावलं मात्र वाजत होती. कोणीतरी आता न अडखळता ये-जा करत होतं.

सकाळी साहेबांनी कागद पुढे केला. काका हात पुसत दारात उभे. आजोबांचं पेन कागदाला टेकलं.

"आजोबा, थांबा!" भिंगरीला रडू फुटलं. "ती थुंकी तुमची नाहीये. तुमची काडी मी पाण्यात पाडली. पैजेपायी काकांच्या तोंडात दुसरी फिरवली, आणि तीच पाठवली. मीच केलं सगळं. हा आपला दादा नाहीये. हे काकांचे भाऊ आहेत."

काका पेटीजवळ येऊन बसले.

साहेबांनी कागद हळूच मागे घेतला. "पुन्हा तपासावं लागेल. पेटी परत न्यावी लागेल. दादांची फाईल राहील उघडी."

आजोबा ओरडलेच नाहीत. पेन खिशाला लावत म्हणाले, "तरीच. कालपासून दोघांची पावलं ऐकतोय मी. एकाला हे घर ठाऊक नाही..."

"आणि दुसरा?" भिंगरीनं विचारलं.

आजोबांची नजर कोपऱ्याकडे गेली.

काकांनी डोळे पुसले. "एक बाजू मी धरू का, साहेब?" दोघांनी पेटी उचलली. काका उलट्या पावलांनी दाराकडे निघाले, डोळे पेटीवरच. त्यांची टाच उंबऱ्याला लागणार, तेवढ्यात रिकाम्या कोपऱ्यातून एक तरणा आवाज आला, अगदी हळू, घरच्यासारखा.

"जपून... उंबरा आहे."