पाणी न लागणारी बॅटरी

जगातलं प्रत्येक थोर प्रेम एका नजरेत पेटतं आणि जन्मभर धगधगतं. संघपालचं मात्र दहा पॉइंट चार व्होल्टवर सुरू झालं. म्हणजे बॅटरी जवळजवळ मेलेलीच होती.

एप्रिलातल्या दुपारी, धुळ्यात देवपूरला, चार माणसांनी ढकलत एक जीप त्याच्या बॅटरीच्या दुकानासमोर आणून लावली. स्टिअरिंगवर डॉक्टर मृणाली. शिरपूरकडच्या पाड्यांवर शेळ्यांना लस टोचणारी. मागच्या सीटवर लशींचा छोटा फ्रीज.

"रात्रभर फ्रीज चालतो," ती म्हणाली, "आणि सकाळी जीप चालत नाही."

"दोघं एकाच बॅटरीवर जगतायत, मॅडम. फ्रीजला वेगळी द्या. गाडी धावताना दोन्ही चार्ज होतील. थांबली की फ्रीज फक्त स्वतःचीच खाईल."

"म्हणजे वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं?"

"भांडणं मिटतात त्यानं," संघपाल म्हणाला, आणि ती हसली तेव्हा त्याच्या हातातला पाना खाली पडला.

दुकानात दोन प्रकारच्या बॅटऱ्या होत्या. एकीत दर महिन्याला पाणी भरायचं, म्हणजे दर महिन्याला दुकानात यायचं. दुसरी सीलबंद.

"कोणती घेऊ?"

बारा महिने, बारा भेटी… पण सातपुड्यातले रस्ते संघपालला ठाऊक होते.

"सीलबंद घ्या. जीप कितीही कलली तरी अ‍ॅसिड सांडणार नाही. पाच वर्षं इकडे फिरकायला नको!"

"पाच वर्षं?" तिनं जरा हळूच विचारलं.

"गॅरंटीनं," तो छाती काढून म्हणाला.

मे गेला, पावसाळा गेला. ती फिरकली नाही. संध्याकाळी दुकान आवरताना त्याला वाटे, आत्ता कुठल्याशा पाड्यावर तिच्या जीपमध्ये फ्रीज गुणगुणत असेल… त्याला त्या बॅटरीचा हेवा वाटू लागला. ती तरी रोज तिच्यासोबत होती.

"बठ्ठा गिऱ्हाईक परत येतस," गल्ल्यावर बसलेली त्याची आई, रुक्माबाई, म्हणाली. "ती डॉक्टरीनच काब्र नही येत?"

"ती का येईल? काम चांगलं झालं, आई."

"मंग जरा वाईट कराले काय व्हतं?"

ऑक्टोबरात जीप आली. या वेळी कुणी न ढकलता.

"बॅटरीत पाणी भरायचंय," मृणाली म्हणाली.

त्यानं मीटर लावला. बारा पॉइंट सात. "मॅडम, हिला पाणी लागत नाही. झाकणच नाही हिला."

"माहितीय." ती बॉनेटकडे बघत राहिली. "सहा महिने वाट बघतेय, काहीतरी बिघडेल म्हणून. पाड्यावरचे सगळे मोबाइल तिच्यावर चार्ज केले, लग्नात माळा लावल्या… उतरतच नाही मेली!"

संघपालनं मीटर खाली ठेवला. "मला तेव्हा पाण्याचीच द्यायची होती. तुम्ही यावं म्हणून… पण ते रस्ते—"

"माझ्या लशींसाठी स्वतःचं एवढं नुकसान केलंत?"

"एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

रुक्माबाईंनी पेपर तोंडासमोर धरला. उलटा. संघपालनं सगळं धैर्य एकवटून हात पुढे केला. मृणालीनं त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचे डोळे भरून आले.

"संघपाल," ती हळूच म्हणाली, "हात अ‍ॅसिडचे आहेत. आधी साबणानं धुवून या ना."