मोरीची जीभ

चाचणीच्या टेबलावर तीन नळ ओळीने बसवले होते. एक बगळ्याच्या मानेसारखा उंच, एक काटकोनी, आणि एक जुन्या पितळी तोटीची नक्कल केलेला. हरणाईनगरच्या जलविभागाने स्वयंपाकघरातले सगळे जुने नळ बदलायचे ठरवले होते. नागरिकांना प्रयोगशाळेत बोलावून त्यांच्याकडून नवा नळ निवडून घेत होते, आणि त्याला 'नळनिवड सोहळा' म्हणत होते.

डॉ. हेमलता उंबरजे यांना त्या शब्दाचाच राग आला होता. पस्तीस वर्षे जलशास्त्र शिकवलेल्या बाईला महिनाअखेरीपर्यंत धडधाकट नळ काढा, नाहीतर पाणी बंद, असे फर्मावायचे आणि वर तिला सोहळ्याला बोलवायचे!

"तिन्हींत फरक काय?" त्यांनी विचारले.

"आकाराचा, मॅडम. मेंदू एकच," इनायत मणियार म्हणाला. तो विभागाचा मुख्य अभियंता होता आणि एके काळचा त्यांचा विद्यार्थी.

"मग निवड कसली डोंबलाची? बरं, मेंदू काय करतो ते सांग."

इनायत उत्साहाने पुढे सरकला. "हा गरजवेधी नळ. तोटीत प्रवाहमापी आहे, किती पाणी दिलं ते मोजतो. खाली सिंकच्या नळीत गढूळमापी आहे. आम्ही त्याला जीभ म्हणतो, कारण ती वाहून जाणाऱ्या पाण्याची चव घेते. पाणी मळकं आलं तर ते कामी लागलं. स्वच्छ आलं तर वाया गेलं, आणि तेवढा कोटा उद्यापासून कमी. रोजचं पाणी मळकंच येत राहिलं, तर घराला गरज जास्त आहे असं समजून कोटा वाढतो. तपासनीस नको, भांडण नको."

"आणि शिळं पाणी?"

"शिळं?"

"कालचं पाणी ओतून रोज सकाळी ताजं भरतात, ते. तुझी अम्मी काय करते?"

इनायत ओशाळून हसला. "तेच करते. पण एका रात्रीत पाणी शिळं होत नाही, हे तुम्हीच शिकवलं होतंत."

ते खरे होते, त्यामुळे बाईंचा पारा आणखी चढला. "हेही शिकवलं होतं की सिंकमध्ये ओतलेलं पाणी नाहीसं होत नाही. आपल्या शहरात ते शुद्धीकरण केंद्रात जातं आणि परत नळाला येतं. स्वच्छ ओतलेलं पाणी शुद्ध करायला सगळ्यात सोपं. त्यालाच तू वाया म्हणतोस? परीक्षेत असं लिहिलं असतंस तर भोपळा दिला असता!"

"निकष वरून ठरलाय, मॅडम," इनायत खाली बघत म्हणाला.

बाईंना माठातल्या पाण्याची फिकीर नव्हती, नरहररावांची होती. त्यांचे यजमान एकतीस वर्षे त्याच शुद्धीकरण केंद्रात चालक होते. चार वर्षांपासून त्यांची स्मृती विरत चालली होती. बायकोचे नावही कधी कधी आठवत नसे. पण सकाळी सहाला उठून माठ आणि दोन कळश्या रिकाम्या करायच्या, धुवायच्या, ताज्या पाण्याने भरायच्या आणि वर फडके बांधायचे, एवढे ते न चुकता करत. ते त्याला ड्युटी म्हणत. तेवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती. त्यांना बदल कळू नये म्हणून बाईंनी पितळी नक्कल निवडली.

पहिल्या दिवशी एकशेवीस लिटर आले. नरहररावांनी चाळीस लिटर शिळे म्हणून ओतले. दुसऱ्या दिवशी ऐंशी आले, त्यातलेही चाळीस ओतले गेले, म्हणून तिसऱ्या दिवशी चाळीस. चौथ्या सकाळी त्यांनी माठ आणि एक कळशी ओतली, नळ उघडला, तर बोटभर धार आली आणि थांबली. ते रिकामी कळशी धरून उभे राहिले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "माझी ड्युटी काढली का? माझं काही चुकलं का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राला मळ हवा होय! घे मळ! त्यांनी खिडकीतल्या कुंडीतून मूठभर माती उपसली, सिंकमध्ये भिरकावली आणि उरलेली भरली कळशी तिच्यावर ओतली.

"पाण्यात माती कोण टाकतं?" नरहरराव दचकून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कळशी भरली. पंधरवड्यात कोटा एकशेचाळीसवर गेला. नरहरराव रोज पाणी ओतत, बाई रोज माती टाकत, आणि आदल्या दिवसाचे काहीच आठवत नसल्यामुळे ते रोज नव्याने तोच प्रश्न विचारत. बाईंना रोज नव्याने लाज वाटे. शेजारच्या कुसुमताई निंबर्गे एकदा साखर मागायला आल्या, त्यांनी हा प्रकार पाहिला, आणि महिन्याभरात सगळ्या वसाहतीला युक्ती कळली. कोणी राख टाकू लागले, कोणी चहाचा चोथा.

तीन महिन्यांनी, सकाळी सहालाच, इनायत दारात उभा राहिला. त्याचे डोळे तारवटले होते.

"केंद्र बंद पडलं, मॅडम. गाळण्या चिखलानं भरल्यात. सांडपाणी इतकं गढूळ कधीच नव्हतं. आणि सगळ्या नळांच्या मते शहराची गरज दीडपट झालीय! उद्यापासून एक दिवसाआड पाणी." तो खुर्चीत बसला. "आमच्या अम्मीनं अंगणातली माती संपवली."

"आता वरचे काय म्हणतात?"

त्याने पिशवीतून एक माहितीपत्रक काढले. "निकष उलटा करायचा म्हणतात. सांडपाणी जितकं स्वच्छ, तितका कोटा जास्त. नवे नळ बसवायचे. तीन आकारांत आहेत."

"म्हणजे आता लोक नळ सोडून सरळ स्वच्छ पाणी ओतत बसतील!" बाई कडाडल्या. "अरे, घरातल्या माणसांना कधी विचारणार की नाही?"

तेवढ्यात नरहररावांनी माठ ओतला. बाईंचा हात सवयीने कुंडीकडे गेला आणि माती सिंकमध्ये पडली.

"पाण्यात माती कोण टाकतं?" नरहररावांनी विचारले.

इनायत उठला, सिंकजवळ गेला, खाली वाकून जिभेची तार उपटली.

"मी, काका," तो म्हणाला. "मीच टाकली."

एकतीस वर्षे केंद्र सांभाळलेल्या माणसाने त्याला आपादमस्तक न्याहाळले. मग रिकामी कळशी त्याच्या हातात दिली आणि तिच्या तोंडावर फडके ताणून बांधायला घेतले.

"मग जायचं नाही," नरहरराव म्हणाले. "सगळं गाळून होईपर्यंत ड्युटी तुझी."