मनात येईल ते मोठ्याने बोला

तिने बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनची चाचणी होती; त्यासाठी ठरलेल्या पाचव्या माणसाने आयत्या वेळी टांग दिली, आणि त्याच्या जागी दारात उभा राहिला तो नेमका शिट्टी!

तिसऱ्या मजल्यावरचा हा प्रोग्रॅमर सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून हे नाव. आठ महिने कॉफीच्या मशीनपाशी तो तिची थट्टा करत होता... आणि आज त्याचा इथला शेवटचा दिवस. परदेशी नोकरी लागली होती. तिचा जीव त्याच्यात अडकला होता, पण बोलेल तर शपथ!

"मला पकडून आणलंय," तो म्हणाला. "काय करायचं?"

"समजा, तुम्ही कोडमध्ये दोन दुरुस्त्या केल्यात; ते बदल समोर दिसतील. त्यातल्या पहिल्या दुरुस्तीच्याच ओळी निवडून कमिट करायच्या. मनात येईल ते मोठ्याने बोला. मी मदत करणार नाही. रेकॉर्डिंग चालू आहे."

"अरे वा! आज एकदम 'तुम्ही'?"

तिने रेकॉर्डिंगच्या लाल ठिपक्याकडे बोट दाखवलं. दोन वर्षं ती या एका स्क्रीनवर डोकं आपटत होती. खूण केलेल्या ओळी कमिटमध्ये, म्हणजे कायमच्या नोंदीत जातात, बाकीच्या तुमच्याकडेच राहतात. इतकं साधं! पण आधीच्या चौघांनाही वाटलं, खूण नसेल ती ओळ पुसली जाणार. घाबरून त्यांनी सगळ्याच निवडल्या. हाही चुकला तर सगळं काम बासनात. आणि तिने एक शब्द सुचवला तर चाचणीच बाद.

"पहिली हवी... दुसरी हवी... तुझं कानातलं नवीन आहे — मनात आलं, बोललो. तिसरी नको. पण मग ती जाणार का?"

"तुम्हाला काय वाटतं?" तिने ठरलेलं वाक्य म्हटलं.

"मला वाटतं..." त्याचा हात माउसवर थांबला. "मला वाटतं, मी जाऊ नये. तिकडच्या कंपनीला आज पक्का होकार कळवायचाय. तू थांब म्हणालीस, तर नाही म्हणेन. म्हणशील?"

रेकॉर्डिंगचा लाल ठिपका... दोन वर्षं! दहा मिनिटांनी सांगू, कुठे पळून जातोय?

"तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "कळलं. जाऊ दे, काही हातचं जायला नको," म्हणत त्याने भराभर सगळ्या ओळींवर खुणा केल्या, बटण दाबलं आणि निघून गेला.

रेकॉर्डिंग बंद करून ती धावतच तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. तो सामान खोक्यात भरत होता.

"जाऊ नकोस! प्रेम आहे माझं तुझ्यावर, मूर्खा! तिथे बोलायची बंदी होती रे..."

त्याने हातातली वही टेबलावर ठेवली. "आत्ता फोन ठेवला गं. येतो म्हणून शब्द दिला. दुसऱ्याला नकार देऊन जागा ठेवलीय त्यांनी माझ्यासाठी."

"मग आता?"

"आता..."

त्याने खोकं उचललं. तिने दुसरी बाजू धरली. लिफ्ट समोर उघडी होती, तरी दोघं जिन्याकडे वळले.

"हळू उतर ना रे," ती म्हणाली.