वाटेचा मधला तुकडा

पाऊस आला नसता, तर तो त्याही संध्याकाळी त्या दुकानावरून तसाच पुढे निघून गेला असता. काखेत वडिलांची जुनी सॅक घेऊन तो कितीतरी दिवस त्या गल्लीतून घरी जात होता. दारापाशी पावलं मंदावत... आणि दुरुस्तीचं काम उद्यावर जाई. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे त्याला आधी मनात वाक्य जुळवावं लागे, आणि वाक्य जुळेपर्यंत दुकान मागे पडलेलं असे. त्या दिवशी मात्र सर अशी अंगावर धावून आली, की जुळवाजुळव करायला सवडच मिळाली नाही.

आत मामा नव्हते. सॅक, तंबू, ताडपत्र्या शिवणाऱ्या त्या म्हाताऱ्या कारागिराला सगळी गल्ली मामाच म्हणे. त्यांच्या जागी, शिलाई मशीनमागे, एक मुलगी बसली होती. दातांत दोरा, कपाळावर सरकवलेला चष्मा आणि मांडीवर कुणाच्या तरी तंबूचं ओलं गाठोडं.

"पाऊस चुकवायला आलात, की काम आहे?" दोरा न काढताच तिने विचारलं.

"दोन्ही," तो म्हणाला, आणि आपण इतक्या चटकन बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग आधी काम. पाऊस काही एवढ्यात जात नाही. मी मामांची भाची. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी निघेपर्यंत दुकान माझ्याकडे." तिने सॅक हातात घेतली. जाड कापडाची, जुन्या घडणीची. पट्टे विरलेले; ते लहानमोठे करायची सोय नाही, शिवले तसे राहणार. "ही तुमची नाही."

"वडिलांची. त्यांनी एका वाटेवर चालायला म्हणून घेतली होती. जायचं राहूनच गेलं. आणि मग... तेच राहिले नाहीत."

ती दोरा दातांतून काढून म्हणाली, "आणि आता तुम्ही जाणार."

"यात्रेच्या वाटेवर. सगळी नाही, एक तुकडा. रजा तेवढीच आहे."

"कोण कोण?"

"एकटाच."

तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर करून नीट पाहिलं. कपाळावरचा चष्मा खाली आला. त्या चष्म्याआडचे डोळे पुढे कितीतरी संध्याकाळी त्याला नकाशातल्या गावांच्या मध्ये मध्ये दिसणार होते.

ती वाट साऱ्यांनाच ठाऊक होती. डोंगर, शेतं, निजलेली गावं ओलांडत, आठवडेच्या आठवडे चालून समुद्राकाठच्या तीर्थाला पोचणारी. ज्यांना वेळ थोडा असतो, ते शेवटचा टप्पा चालतात आणि दर्शन घेऊन परततात. त्याने मात्र मधला तुकडा निवडला होता.

"मधला?" ती म्हणाली. "तिथे तर काहीच नाही."

"म्हणूनच. गर्दी नसते."

"म्हणजे नाटकाला जायचं, ते मध्यंतरापुरतं."

"मध्यंतर मला आवडतं," तो हळूच म्हणाला. "दिवे लागलेले असतात."

ती हसली नाही. पण सुई ओवताना तिचा नेम पहिल्यांदा चुकला, हे त्याने पाहिलं.

मामांच्या दुकानाचा एक रिवाज होता. रिकामी सॅक दुरुस्तीला घ्यायची नाही. गिऱ्हाइकाने ती सामानाने भरून आणायची, पाठीला लावायची आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. शिवणारा दारात उभा राहून बघणार. त्याप्रमाणे दुसऱ्या संध्याकाळी तो भरलेल्या सॅकनिशी ओल्या फरशीवरून चालत गेला आणि परत आला. त्याच्याकडे आजवर कुणी इतका वेळ पाहिलं नव्हतं; आणि पाहिलं, तेही पाठमोरं.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली.

तो पुन्हा गेला.

"कळलं," ती म्हणाली. काय कळलं, ते मात्र तिने सांगितलं नाही.

मग त्या संध्याकाळी सुरू झाल्या. शिवणाचं काम खरं तर थोडकं होतं, पण बेत आखण्याचं संपता संपेना. नकाशाचा कोपरा वर उठू नये म्हणून ती त्यावर कात्री ठेवी. कुठल्या गावाला बस सोडायची, मुक्काम कुठे, पाणी कुठे, कुठलं यात्रीनिवास बंद असलं तर पुढे किती चालावं लागेल... दोघांची बोटं एकाच रेघेवरून सरकत जात आणि एखाद्या खिंडीपाशी थबकत. मग एक बोट माघार घेई. बहुधा त्याचंच.

"तुम्ही काम काय करता हो?" एकदा तिने विचारलं. "नखांत मेण असतं तुमच्या."

"दातांच्या लॅबमध्ये आहे. कवळ्या बनवतो. आधी मेणात दात बसवायचे, मग..."

"म्हणजे कवळ्या लावणारी सगळी माणसं तुमच्या दातांनी हसतात."

"हो. पण मला त्यांच्यातलं कुणी ओळखत नाही. साचे येतात, कवळ्या जातात. तोंडं दिसत नाहीत."

"कमाल आहे," ती म्हणाली. "माणसं तुमच्या जिवावर बोलतात आणि तुम्ही मात्र घुमे."

त्याला यावर काहीतरी सुचलं. पण ते जिना चढून घरी पोचल्यावर.

घरी तो एकटाच होता. वडील गेल्यापासून दोन खोल्यांत एक कप, एक ताट आणि एकच आवाज उरला होता, तो नळाचा. शुक्रवारी लॅब सुटली की सोमवारपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघण्याचं कारण पडत नसे. घरात नुसतं बसून असलेल्या या एकटेपणाला निदान चालवून आणावं, एवढाच त्या बेतामागचा विचार होता. दूरच्या शहरात राहणाऱ्या ताईला मात्र तो पटला नव्हता.

"लग्नाचं बघू या म्हटलं, तर हा चालायला निघाला," ती फोनवर म्हणाली. "अरे, घरी मूग गिळून बसतोस, तेच डोंगरावर जाऊन करणार ना?"

"तिथे हवा चांगली असते, ताई."

"गप बस."

तो गप्पच होता.

एकदा भाचीने आपलंही सांगितलं. तिचं घर समुद्राकाठी, वाट जिथे संपते तिथेच. बंदरात ती होड्यांची शिडं शिवायची. "यात्रेकरू आमच्या दारावरून जातात," ती म्हणाली. "लंगडत, हसत, रडत. मला तेवढाच शेवट ठाऊक. वाट कशी असते, ते ठाऊक नाही." मग नकाशाकडे बघत, जणू त्या नकाशालाच सांगावं तसं, "येत्या शनिवारी मामांची पट्टी निघेल. मग मी जाईन."

शनिवारीच त्याची रजा सुरू होत होती. तो परतेल तेव्हा मशीनमागे मामा असतील. म्हणजे जे काही बोलायचं, ते त्याआधी बोलायला हवं होतं. त्याने मनात वाक्य जुळवायला घेतलं. ते त्याला कधी फार मोठं वाटे, कधी फार उघडं.

सॅक तयार झाली त्या दिवशी दुकानात गर्दी होती. ती नुसतं म्हणाली, "घालून बघा, दोन दिवस फिरा, मग सांगा." घरी आल्यावर त्याने सॅक पलंगावर पालथी घातली, आणि त्याच्या सरावलेल्या नजरेला ते लगेच दिसलं. डावा पट्टा बोटभर आखूड होता. कवळी केसाएवढी वाकडी झाली, तरी हिरडी सोलवटते, हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं. तिच्या हातून चूक झाली होती. आणि तिला ते सांगायचं म्हणजे... तिचा चेहरा उतरलेला त्याला आधीच दिसू लागला. मग त्याने काय करावं? मेण कोरायच्या कोरणीने तिचे टाके एकेक करून हळुवार उसवले, पट्टा मोजून सोडला आणि दातांच्या फटी साफ करायच्या मेणाच्या धाग्याने पुन्हा शिवला. नीटनेटका, समसमान. तिला कळणारही नाही, या समाधानात तो झोपला.

दुसऱ्या दिवशी नदीपर्यंत चालून येईतो डावा पट्टा खांद्यावरून शंभरदा घसरला. गुरुवारी त्याला दुकानात जावंच लागलं.

तिने सॅक उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि थांबली.

"हा टाका माझा नाही."

तो उभाच राहिला.

"आणि हा धागा कसला?"

"दात साफ करायचा. मजबूत असतो."

"मी शिवलेलं तुम्ही उसवलंत?"

"तो पट्टा बोटभर आखूड होता. मला वाटलं..."

"की मी चुकले."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ती उठली. मोजपट्टी घेऊन त्याच्या मागे आली आणि तिने ती एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवी धरली. तिचा श्वास त्याच्या मानेला लागत होता. बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.

"पट्टा नाही, तुमचा डावा खांदा खाली आहे," ती म्हणाली. आवाजातला राग अर्धा निवळला होता. "बोटभर. इतकी वर्षं एका अंगावर वाकून बसता, दुसरं काय होणार. गल्लीच्या टोकाला जाऊन आलात ना, तेव्हा तेच बघत होते. दुसऱ्या कुणाच्या पाठीला बसणार नाही, अशी शिवली होती मी ती."

त्याला खरोखर माहीत नव्हतं. आरशात तो दाढीपुरताच पाहायचा. आपला खांदा कलला आहे, हे सांगायला घरात कुणीतरी आपल्या मागून चालत जाणारं असावं लागतं.

"चूक वाटली, ती सांगायला तुमची जीभ उचलेना," ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "मग काही चांगलं सांगायची वेळ आली, तर काय करता हो तुम्ही?"

"तेच," तो म्हणाला. "मनात शिवतो... आणि मनातच उसवतो."

ती पटकन मशीनवर वाकली. चाक फिरू लागलं. मेणाचा धागा तुटून जमिनीवर पडला, पट्टा पुन्हा आखूड झाला, आणि शिवण संपली तरी ती मान खाली घालूनच होती. मग एका चिंधीवर तिने आपला नंबर लिहिला.

"पट्ट्याची तक्रार असली तरच करायचा फोन. नसली तर नाही."

"बरं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि चिंधी खिशात घालून जिना चढून घरी आला.

शनिवारी बसला निघण्याआधी तो दुकानाशी गेला. या वेळी वाक्य जुळलेलं होतं. दारात काळा चष्मा लावून मामा बसले होते.

"भाची? ती सकाळच्या गाडीने गेली," ते म्हणाले. "कालच पट्टी निघाली माझी. काय काम होतं?"

"काही नाही," तो म्हणाला. "पट्टा छान झालाय."

"मग हे तिला सांगा. मला काय सांगता?"

वाट जशी आखली होती, तशीच निघाली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मधून पांढुरकी पायवाट, वळणावळणावर बाण कोरलेला दगड. दिवसभर माणूस दिसत नसे. सॅक पाठीला अशी लागून बसली होती, की तिचा विसर पडावा. आणि नेमका तोच पडत नव्हता. संध्याकाळी यात्रीनिवासाच्या पायरीवर ओले मोजे वाळत घालताना त्याला एक गोष्ट उमगली. आजवर तो नुसताच एकटा होता, त्यात कुणाचं नाव नव्हतं. आता तो तिच्यावाचून एकटा होता. हे जास्त दुखत होतं, आणि तरी ते परत द्यावंसं वाटत नव्हतं.

त्याचा तुकडा एका फाट्याशी संपला. तिथून घरची बस मिळायची होती. कट्ट्यावर सॅक उतरवून त्याने चिंधी काढली. वाक्य जुळवलं नाही. जुळवलं असतं तर बस आली असती.

"हॅलो... मी सॅकवाला."

"कोण सॅकवाला? छप्पन्न येतात माझ्याकडे."

"डावा खांदा."

पलीकडे चालू असलेलं मशीन थांबलं. वाऱ्याने मोठं कापड फडफडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"बोला. काय तक्रार आहे?"

"पट्टा इतका नीट बसलाय, की फोन करायला काही कारणच उरलं नाही. वाटभर शोधत होतो. सापडलं नाही."

"आणि तरी केलात."

"हो. मला तुमची आठवण येते. वाट सुरू झाल्यापासून नाही, त्याच्या आधीपासून. निघताना सांगायला आलो होतो, तर तुम्ही गेला होतात. नीट सांगता येत नाहीये मला..."

"येतंय की," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ दोघंही बोलले नाहीत. ते न बोलणं त्याच्या घरातल्यासारखं नव्हतं.

"आहात कुठे आता?" तिने विचारलं.

"माझा तुकडा संपतो तिथे. समोर दगड आहे. त्याचा बाण तुमच्याकडे आहे."

"मग?"

"रजा संपली."

"ते कळलं. पुढचा तुकडा कधी?"

त्याने मनात हिशेब केला. रजा तेवढ्याच, आणि वाट मात्र डोंगरापलीकडे कुठवर तरी गेलेली. "असे तुकडे करत यायचं, तर समुद्रापर्यंत पोचायला वर्षं जातील हो," तो खिन्नपणे म्हणाला.

"अहो," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं की हुंदका, हे त्याला दुरून कळेना, "शेवटचा तुकडा आधी चाललात, तर वाट काय रुसून बसते का?"

बस आली. त्याने घरचं तिकीट काढलं. शेजारच्या रिकाम्या जागेवर सॅक ठेवली, ओलसर नकाशा गुडघ्यांवर उघडला आणि समुद्राकडून मागे, एकेक गाव वाचायला सुरुवात केली.