आंदणाचं मशीन

कारंज्याच्या भंगारवाल्याच्या आवारात वैजयंती धापा टाकत पोचली, तेव्हा तिच्या आईचं वॉशिंग मशीन टेम्पोत चढलंसुद्धा होतं. भाऊ बबलूनं तिला न विचारता ते विकून टाकलं होतं, आणि आता कुणी एक उंच, सावळा माणूस त्याला गोधडी गुंडाळत होता. भंगाराला गोधडी! तिचा राग तिथंच अडला.

"हे माह्या आईचं आहे," ती म्हणाली.

त्यानं गोधडी सोडली. "मंग घेऊन जा," म्हणाला. इतकंच.

प्रज्वल त्याचं नाव. बसस्टँडमागं कूलर-फ्रिज दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये लोकांना नकोशी झालेली जुनी वॉशिंग मशीनं. काहींना तर कपडे पिळायचे रबरी रूळही होते. लोक हसायचे, हा पुसून-पुसून जपत बसायचा; कोपऱ्यातल्या पहिल्या मशीनपासूनच त्याला हे वेड लागलेलं. एका मशीनचा भाग दुसऱ्याला मात्र कधी लावायचा नाही. ज्याचं त्याच्यापाशी राहावं, हा त्याचा नेम.

घरी नेलं तर बबलू पुन्हा विकणार, हे वैजयंतीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मशीन शेडमध्येच राहिलं आणि दर रविवारी ती कामरगावाहून जीपनं त्याला बघायला येऊ लागली. मशीनला हं… निदान सुरुवातीला तरी.

आईच्या लग्नात आजोबांनी ते आंदण दिलेलं. पण तेव्हा घरी नळच नव्हता. आईनं जन्मभर हापशीवर धुणं धुतलं, आणि मशीनमध्ये राहिली तुरीची डाळ, कडुलिंबाचा पाला घालून. दसऱ्याला मात्र आई त्याला झेंडूचा हार घालायची. म्हणायची, "हे तुह्यासंग जाईन." यंदा उन्हाळ्यात आई गेली. ते एकदा तरी फिरलेलं बघायचं, एवढीच वैजयंतीची आस होती.

प्रज्वलनं मशीन उघडलं. तळाचा वाळका पाला त्यानं फेकला नाही, बरणीत भरून ठेवला. ते पाहून तिला भरून आलं. जीव जडला तो तिथंच, पण बोलायचं कुणी? मोटर चांगली होती, पट्टा मात्र तडकलेला, आणि तसला पट्टा आता कुठं मिळत नव्हता.

"नाही होत," तो खालमानेनं म्हणाला. ती निघून गेली, आणि पुढच्या रविवारी आलीच नाही.

दसऱ्याला हार घेऊन आली, तर मशीन चालू होतं. आत बादलीभर पाणी गरगर फिरत होतं. ती हार धरून उभीच राहिली, डोळे पुसायचंही भान राहिलं नाही. मग तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. त्याचं ते पहिलं मशीन मागून उघडं होतं, आणि आत पट्टा नव्हता.

"काहून केलं असं? तुमचा तर नेम होता…"

"होता," तो म्हणाला. "पण… तुमी रविवारी आल्या नाही."

तिनं मशीनला हार घातला. बराच वेळ झेंडू नीट करत राहिली.

"आमच्यात आंदण पोरीसंग जाते," ती हळूच म्हणाली. "हे तर आधीच येऊन बसलं तुमच्या घरी."

"मंग?"

"मंग काय… पोरीले यावंच लागन आता."

मशीन बंद करायला गेलेला त्याचा हात तसाच थांबला. दोघांनी ते फिरू दिलं.